कुलाब्यातले यंत्र आणि बोलू लागलेले मूल

मोहरीच्या दाण्याहून जरा मोठी, काळपट रंगाची एक कडी डोळ्यांसमोर आणा. फेराइट नावाच्या चुंबकी पदार्थाची. तिच्या भोकातून केसासारख्या बारीक तारा ओवायच्या. तारांतून वीज एका दिशेने सोडली की कडीचे चुंबकत्व एका बाजूला फिरते, उलट सोडली की दुसऱ्या बाजूला. एक बाजू म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. अशा एका कडीत एक बिट राहतो. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी मुंबईत, कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असे एक यंत्र चालत होते, ज्याच्या स्मृतीत ४० बिटांचे १,०२४ शब्द मावत. हिशेब केला तर ४०,९६० कड्या. आजच्या मापात पाच हजार बाइटांहून किंचित जास्त. देवनागरीतले एक चिन्ह आज संगणकात बहुधा तीन बाइट खाते. त्या हिशेबाने या अग्रलेखाचे पहिले दोन-तीन परिच्छेद त्या यंत्रात कसेबसे बसले असते, पुढच्यांना जागा उरली नसती.

त्या यंत्राचे नाव टिफ्रॅक. हे नाव पंडित नेहरूंनी दिले. आराखड्यापासून जुळणीपर्यंत सगळे काम भारतात झालेला हा पहिला अंकीय संगणक. तो ज्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला ते प्रा. रंगास्वामी नरसिंहन १७ एप्रिल १९२६ रोजी मद्रासमध्ये जन्मले. यंदा त्यांची जन्मशताब्दी आहे. ते तमिळ होते, त्यांची अखेरची वर्षे बंगळूरुत गेली, पण उमेदीची बहुतेक वर्षे त्यांनी मुंबईला दिली. भारतीय संगणकशास्त्राचे जनक असा त्यांचा उल्लेख अनेक जण करतात. आज मात्र संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांच्या ओठांवर हे नाव सहसा येत नाही. त्याचे वाईट वाटते म्हणूनच हा लेखनप्रपंच.

मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून दूरसंचार शाखेची पदवी, अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी आणि इंडियाना विद्यापीठातून गणितात पीएच.डी. असे शिक्षण घेऊन नरसिंहन १९५४ साली परतले आणि होमी भाभांच्या टाटा संस्थेत रुजू झाले. देशात त्या वेळी अंकीय संगणक म्हणावे असे काही नव्हते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने पुढच्याच वर्षी इंग्लंडहून एचईसी-२एम हे यंत्र मागवले. देशात आलेला पहिला अंकीय संगणक तो, आणि त्याचे श्रेय कोलकात्याला द्यायलाच हवे. कुलाब्यात ठरले ते वेगळे: विकत न घेता बांधायचा. हे ठरवणारी मंडळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बहुतेक भौतिकशास्त्र शिकलेली तरुण मुले. यापूर्वी संगणक बांधल्याचा अनुभव त्यांच्यापैकी कोणालाच नव्हता.

एकदम मोठ्या यंत्राला हात न घालता त्यांनी आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र केले. ते १९५६ साली चालू लागले. त्याने हिशेब करता येतात हे सिद्ध झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याला यंत्र करता येते, ही खात्री पटली. मग मोठ्या यंत्राचे काम सुरू झाले. ते १९६० साली रीतसर वापरात आले. अठरा फूट लांब, अडीच फूट रुंद, आठ फूट उंच पोलादी सांगाडा. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक. यातला प्रत्येक रोधक कोणीतरी तपासून घेतला असेल, त्याचे पाय वाकवले असतील, डाग दिला असेल. ज्यांनी कधी सोल्डरिंगचा डाग दिला आहे त्यांना ठाऊक आहे की डाग वरून चकचकीत दिसतो आणि आतून सुटलेला असतो. साडेबारा हजार रोधकांपैकी नेमका कोणता सुटलाय, हे शोधायला तेव्हा दुसरा संगणक नव्हता. निर्वात नळ्या तापतात, आणि तापून कधीतरी जातात. अशी यंत्रे चालवणाऱ्यांचा दिवस गेलेली नळी शोधण्यापासून सुरू व्हायचा.

त्या यंत्रावर काम करायचे म्हणजे काय, हेही आजच्या वाचकाला सांगितले पाहिजे. आज्ञा लिहायच्या त्या शून्य आणि एक यांच्याच रूपात. त्या कागदी पट्टीवर भोके पाडून यंत्राला द्यायच्या, उत्तर टेलिप्रिंटरवर खडखडत यायचे. एका जागी भोक चुकले की सगळी गणना चुकली. आणि अशा यंत्राला या मंडळींनी एक पडदाही जोडला होता, कॅथोड किरण नळीचा, ज्यावर आलेख आणि अक्षरे उमटत. संगणकाने आकडे काढावेत एवढीच अपेक्षा असलेल्या त्या काळात यंत्राने चित्र काढून दाखवावे असे कुलाब्यातल्या कोणाला तरी वाटले. आज आपण दिवसभर पडद्याकडे पाहत असतो म्हणून या गोष्टीचे नवल वाटत नाही. खरे तर ते वाटायला हवे.

टिफ्रॅकवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. हे यंत्र तयार झाले तोवर जग निर्वात नळ्या सोडून ट्रान्झिस्टरकडे वळले होते, म्हणजे जन्मतःच ते जुने होते. मग इतका खटाटोप कशाला, एखादे परदेशी यंत्र आणले असते तर चार वर्षे वाचली असती. यातले पहिले वाक्य खरे आहे. १९६५ पर्यंत टिफ्रॅक वापरात राहिला, आणि त्याआधीच, १९६४ मध्ये, संस्थेत कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी ३६०० हा कितीतरी वेगवान संगणक दाखल झाला होता. पण आक्षेपाचा उत्तरार्ध आम्हाला मान्य नाही. परदेशी यंत्र आल्यावर ते उघडून पाहण्याचे धाडस असलेली, आत काय चालते हे जाणणारी माणसे देशात हवी होती. ती टिफ्रॅकने तयार केली. यंत्र पाच वर्षे चालले, माणसे पुढची तीस-चाळीस वर्षे कामाला आली. घरात पहिली भाकरी थापणारीची भाकरी गोल होत नाही. म्हणून कोणी तिला तयार भाकरी आणून देत नाही.

नरसिंहन यांची सगळी कारकीर्द डोळ्यांखालून घातली की दोन सवयी ठळक दिसतात. जे समजून घ्यायचे ते आधी घडवून पाहायचे. आणि आपण घडवलेली प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तू अशी गल्लत करायची नाही. पहिली सवय अभियंत्यांकडे असते, दुसरी तत्त्वचिंतकांकडे. एकाच माणसात दोन्ही क्वचित सापडतात. आणि आज आपल्याला दुसरीची गरज जास्त आहे असे आम्हाला वाटते.

टिफ्रॅक चालू झाल्यावर १९६१ च्या सुमारास ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले. तिथे इलियाक-३ या यंत्राची तयारी चालू होती. या यंत्राचे काम मोठे विलक्षण. अणुगर्भातले सूक्ष्म कण द्रवातून जाताना बुडबुड्यांची माळ मागे ठेवतात; त्या माळांची हजारो छायाचित्रे काढली जातात आणि कुठे एका रेषेला दोन फाटे फुटले, कुठे रेषा वळली, हे माणसांना डोळे ताणून पाहावे लागे. हे पाहणे यंत्राला शिकवायचे होते. कसे? इतर अनेक जण चित्राचे ठिपके मोजण्यात, ठरावीक साच्याशी चित्र ताडून पाहण्यात गुंतले होते. नरसिंहन म्हणाले, चित्राचे व्याकरण मांडू या. वाक्यात जसे शब्द, शब्दांचे पदबंध आणि पदबंधांची वाक्यरचना, तसे चित्रात ठिपका, ठिपक्यांची रेषा, रेषांचा सांधा, सांध्यांची आकृती. चित्र 'ओळखायचे' म्हणजे त्याच्यावर एक नाव चिकटवायचे, एवढ्याने भागणार नाही. त्याची घडण सांगता आली पाहिजे. १९६४ आणि १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांनी या विचाराला शास्त्रीय रूप दिले, आणि आकृतिबंध ओळखण्याच्या शास्त्रात वाक्यरचनेवर आधारलेली एक स्वतंत्र शाखाच उभी राहिली. तिच्या आद्य प्रवर्तकांमध्ये नरसिंहन यांचे नाव घेतले जाते. इलियाक-३ स्वतः मात्र १९६८ साली आगीत भस्मसात झाला. यंत्र गेले, कल्पना राहिली.

ही कल्पना अवघड वाटत असेल तर पाटीवर 'क' काढणाऱ्या मुलाकडे पाहा. बाई आधी उभी रेघ काढायला सांगतात, मग डावीकडे वाटोळे, मग उजवीकडे वळण, वर शिरोरेघ. मूल 'क'चा छाप डोक्यात ठेवत नाही, ते 'क'ची घडण शिकते. म्हणून वहीतला, फलकावरचा, एसटीच्या पाटीवरचा वेडावाकडा 'क' त्याला ओळखता येतो. मुंबईला परतल्यावर नरसिंहन यांनी सहकाऱ्याबरोबर हाताने लिहिलेल्या इंग्रजी अक्षरांसाठी नेमके हेच केले: अक्षर कसे घडते त्याचे नियम लिहिले आणि संगणकाला ते चालवून दाखवायला लावले.

संशोधनासोबत संस्था उभारणेही चालूच होते. १९६५ साली कम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष नरसिंहन. सत्तरच्या दशकात टाटा संस्थेतच सॉफ्टवेअर विकासाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले, त्यामागेही तेच. १९७५ मध्ये कम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी निघाली, पुढे सीएमसी म्हणून ओळखली गेलेली; तिच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पदांची ही यादी आम्ही लांबवत नाही, पण सीएमसीविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडला, तेव्हा देशभरच्या कचेऱ्यांमधली तिची यंत्रे बंद पडू न देण्याचे काम या कंपनीने उचलले. ऐंशीच्या दशकात हिनेच रेल्वे आरक्षणाची संगणकीय व्यवस्था उभी केली. ज्यांनी त्यापूर्वी आरक्षणाची रांग लावली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. गाडीगणिक खिडकी वेगळी, खिडकीगणिक जाडजूड रजिस्टर वेगळे, आणि आपला नंबर आल्यावर कळायचे की आपण भलत्याच खिडकीला तासभर उभे होतो. संगणक म्हणजे नोकऱ्या खाणारे यंत्र असे मानणाऱ्या देशाला संगणकाचा पहिला रोकडा उपयोग दिसला तो त्या खिडकीत.

आणखी एक धागा थेट मराठीशी येऊन मिळतो. टाटा संस्थेतल्या त्या राष्ट्रीय केंद्रातून पुढे जुहूची एनसीएसटी ही संस्था झाली. आयआयटीतून निवृत्त झाल्यावर सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी तिथे भारतीय लिप्यांच्या संगणकीय अक्षरवळणांवर काम करत होते. विंडोज संगणकावर वर्षानुवर्षे मराठी ज्या 'मंगल' अक्षरांत उमटत आली, ती अक्षरे जोशींच्या हातची. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांमधली किती पत्रे, किती दाखले, किती अर्ज त्या वळणात निघाले असतील याची गणती नाही. नरसिंहन यांनी मंगल केला असे आम्ही म्हणत नाही. देवनागरीचा विचार करणारी माणसे आणि संगणक जाणणारी माणसे एका छपराखाली बसू शकली, ते छप्पर ज्यांच्यामुळे मुंबईत उभे राहिले त्यांत नरसिंहन अग्रभागी होते, एवढेच म्हणायचे आहे.

इथवरचे काम एका आयुष्याला पुरेसे होते. पण यंत्रे, चित्रे, संस्था यांच्या मागे त्यांना छळणारा प्रश्न वेगळाच होता: माणूस बोलायला कसा शिकतो?

दीड-दोन वर्षांचे मूल कडेवर घेऊन आई खिडकीशी उभी आहे. बाहेर कावळा बसलाय. 'बघ, काऊ आला,' ती म्हणते. मूल बोट दाखवते. 'काऊ,' ते म्हणते. कावळा उडतो. 'काऊ भुर्र गेला,' आई म्हणते. दुसऱ्या दिवशी मूल स्वतःच खिडकीकडे ओढते, खिडकी रिकामी पाहून 'काऊ?' असे विचारते, आणि आई उत्तर देईपर्यंत तिची हनुवटी धरून ठेवते. या मुलाला नाम ठाऊक नाही, क्रियापद ठाऊक नाही. पण सांगणे, मागणे, विचारणे, बोलावणे, नाकारणे हे सगळे त्याला एका शब्दात जमते. भाषेचा उगम व्याकरणाच्या नियमांत शोधायचा की या देवघेवीत? खिडकीचे उदाहरण आमचे आहे. प्रश्न नरसिंहन यांचा. त्यांचा कल देवघेवीकडे होता. भाषा हे वर्तन आहे, जगात वावरणाऱ्या, पाहणाऱ्या, हात लावणाऱ्या, दुसऱ्याकडून काही हवे असणाऱ्या जिवाचे वर्तन, हा विचार त्यांनी १९८१ च्या ग्रंथापासून पुढे सतत मांडला. मुले आणि मोठी माणसे यांच्यातल्या संवादांचा त्यांनी त्यासाठी अभ्यास केला. ज्यांनी देशाला पहिला संगणक बांधून दिला ते गृहस्थ आता आई आणि मुलाचे बोलणे ऐकत बसले होते, हे चित्र आम्हाला फार मोलाचे वाटते.

१९९८ साली भाषावर्तनाच्या संपादनावर आणि उत्क्रांतीवर त्यांचे पुस्तक आले, आणि २००४ मध्ये आणखी दोन. एक कृत्रिम बुद्धिमत्तेवर, ज्याच्या केंद्रस्थानी होते कर्तेपण: स्वतःच्या हेतूने, स्वतःच्या जगात काही करणारा जीव. दुसरे साक्षरतेवर. साक्षर कोणाला म्हणायचे, हा त्यातला सवाल. पाश्चात्य विचार साक्षरतेला लेखनाशी बांधतो. भारतात मात्र वेदपाठकांनी लिपीचा आधार न घेता संहिता पदांत फोडली, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे पाठांतराचे प्रकार बांधले, भाषेची चिरफाड केली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या तोंडी पोचवली. या परंपरेला निरक्षर म्हणणार काय? मराठी वाचकाला हा प्रश्न कळायला एक बहिणाबाई पुरे. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईने शब्दांना जसे उलटून-पालटून पाहिले, तसे पाहणारे पदवीधर फार सापडायचे नाहीत. त्यांच्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरचे यांनी उतरवून घेतल्या म्हणून उरल्या, पण त्या मुळात घडल्या होत्या जात्यावर आणि शेतावर.

नरसिंहन ३ सप्टेंबर २००७ रोजी गेले. त्यांच्यानंतर आलेली, मराठीतही बऱ्यापैकी बोलणारी यंत्रे त्यांनी पाहिली नाहीत. या यंत्रांविषयी ते काय म्हणाले असते हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण त्यांचा प्रश्न आमच्या हातात आहे आणि तो आज जास्त धारदार झाला आहे. अब्जावधी शब्द वाचून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधणारे यंत्र पत्र लिहिते, निबंध लिहिते, कविताही रचते. त्याने कावळा पाहिलेला नाही. त्याला कोणाची हनुवटी धरून ठेवावीशी वाटलेली नाही. तरीही त्याचे मराठी शुद्ध असेल, तर आपण ज्याला भाषा म्हणत होतो ते नेमके काय होते? आम्ही या यंत्रांच्या विरोधात नाही. शेतकऱ्याला पीकविम्याचा अर्ज समजावून सांगणारे, दृष्टिहीन विद्यार्थ्याला पुस्तक वाचून दाखवणारे यंत्र मराठीत आले तर आम्ही त्याचे स्वागतच करू. आक्षेप आहे तो आपल्या घाईवर. शाळा-महाविद्यालये ही यंत्रे वापरायला शिकवू लागली आहेत. ती आतून कशी चालतात आणि कोणत्या गोष्टी त्यांच्या आवाक्याबाहेर आहेत, हे शिकवायला कोणी थांबत नाही. तयार वस्तू आणायची, तिचे कौतुक करायचे आणि नवी आली की जुनी टाकायची, ही वाट कुलाब्यातल्या त्या मंडळींनी १९५५ सालीच नाकारली होती.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना दोन गोष्टी मागतो. नरसिंहन यांचे भाषेवरचे किंवा साक्षरतेवरचे एखादे पुस्तक मराठीत आणा. भाषाशास्त्र आणि संगणकशास्त्र या दोन्ही विभागांनी मिळून ते करावे. दुसरी मागणी त्याहून सोपी. अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनांतल्या संगणक शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला या वर्षी एकदा तरी पडद्यापासून उठवून कार्यशाळेत न्या. त्याच्या हातात ट्रान्झिस्टर, रोधक आणि सोल्डरिंगची कांडी द्या, आणि दोन अंकांची बेरीज करणारे छोटे सर्किट त्याच्याकडून बांधून घ्या. पहिल्या फेरीत ते चालणार नाही, कुठला तरी डाग सुटलेला असेल. तो सापडेपर्यंत त्याला तिथे बसू द्या, आणि तो शोधत असताना शेजारी उभे राहून कुलाब्यात १९५५ साली काय घडले ते त्याला सांगा.